बसच्या वाटेवर कुरडया

मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या पायरीवर चुन्याची रेघ पडली. वेळ पक्की आठवते, कारण तेव्हाच आमच्या मेसचं दूध येतं, आणि त्या दिवशी दूधवाला रेघ ओलांडावी की नाही म्हणून किटली घेऊन पलीकडंच उभा राहिला.

तसं आमच्याकडं किस्से साठायला वेळ लागत नाही. ट्युशनची पोरं दिवसभर फॉर्म्युले पाठ करून तोंड आंबलेली येतात. ताटावर बसली की एक जण काहीतरी सांगतो, दुसरा त्यात मीठ टाकतो, तिसरा फोडणी देतो, आणि ताटं उचलेपर्यंत किस्सा शिजून तयार. ताटं मी घासून ठेवते, किस्से मात्र तसेच पडून राहतात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला म्हणाल्या, "सुमन, ह्ये लिहून ठिव. न्हाईतर लोकांला वाटंल, आपण बनवून सांगून राहिलो."

मी सातवी शिकलेली. सातवी पास झाले त्याच वर्षी भूकंप झाला. आठवीचा वर्ग तंबूत भरणार म्हणाले, तर आमचे बाबा म्हणाले, "तंबूत सर्कस असती, शाळा न्हाई." संपलं शिक्षण. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

लातूरचं नाव आधी भूकंपानं झालं, मग मेरिटच्या पोरांनी. आमच्या रस्त्यानं दोन्ही बघितलं. आधी इथं नुसती घरं होती. मग घरांवर पत्र्याच्या खोल्या चढल्या, खोल्यांवर बोर्ड चढले. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. आमच्या गच्चीच्या डोक्यावर तर एक गणिताचे सर हाताची घडी घालून उभे आहेत, बोर्डावर. सुरुवातीला कपडे वाळत घालताना मला त्यांची लाज वाटायची.

तर ती रेघ. आमचे हे पायरीवर उभं राहून दात घासत होते. चुन्याचा डबा घेतलेला माणूस वाकून वाकून आला आणि थेट यांच्या चपलेपाशी थांबला. मागून पिवळी टोपी घातलेले एक साहेब आले.

"पाय काढा," साहेब म्हणाले. "रस्ता इथपर्यंत रुंद होणार आहे. मधून बस जाणार."

यांनी तोंडातला फेस आवरला आणि विचारलं, "कितीची हाय बस? आंघोळ होईल का तवर?"

* * *

साहेबांना ड्रॉइंग पसरायला जागा पाहिजे होती. ड्रॉइंग केवढं, तर लुगड्याएवढं. तेवढी सपाट जागा आमच्या रस्त्यावर एकच, सलीमचाचांची डबल गादी. सलीमचाचा आमचे शेजारी. त्यांच्या घरात आजापणज्यापासून गाद्या भरायचं काम. इथल्या होस्टेलांतल्या सगळ्या पोरांच्या पाठीखाली त्यांचाच कापूस आहे.

अख्खा रस्ता त्या गादीभोवती जमला. साहेब गुडघ्यावर बसून सांगायला लागले. रस्त्याच्या मधोमध बसची वेगळी वाट. दोन्ही बाजूंनी लोखंडी रेलिंग. आत रिक्षा नाही, मोटारसायकल नाही, माणूस नाही. नुसती बस. बसमध्ये चढायचं, उतरायचं ते चौकात. आणि पुढं जमलं तर त्याच वाटेवर रूळ टाकून ट्राम. त्यांनी ट्रामचा फोटो पण दाखवला.

आत्याबाईंनी फोटो लांब धरून बघितला. "ही तर आपली जुनी, छोट्या रुळाची गाडी. तिलाच रंग दिलाय."

"नाही आजी, ही विजेवर चालते."

"लातुरात? विजेवर?" आत्याबाईंनी फोटो परत दिला. "मंग देवणीची एक बैलजोडी सोबत ठिवा. लाइट गेली की जुपता येईल."

सगळे हसले, साहेबही हसले. मला मात्र हसू येत नव्हतं. मी गादीवर कोपऱ्यात आमचं घर शोधत होते. आमची गुड्डी तेव्हा बालवाडीत. बालवाडी आमच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडं. दारात उभं राहिलं की तिच्या बाई फळ्यावर बदक काढतात की बगळा, ते दिसतं. मी विचारलं, "साहेब, रेलिंग आमच्या दारासमोर पण?"

"सलग. चौकापासून चौकापर्यंत."

"मग लेकरू पलीकडं कसं जाणार?"

"चौकातून जा, ताई."

चौक. ट्युशन सुटली की तिथं सायकलींचा पूर येतो, रिक्षावाले चारी बाजूंनी तोंडं खुपसतात, आणि वरून ते बोर्ड लटकलेले. मी आधीच भित्री. नळाला पाणी जोरात आलं तरी मला टाकी फुटल्यासारखं वाटतं. चार वर्षांचं लेकरू घेऊन रोज त्या चौकातून? मी म्हणाले, "साहेब, एक फट ठेवा ना आमच्या दारापुढं. माणूस जाण्यापुरती."

साहेबांनी बोटानं ती जागा दाखवायला ड्रॉइंग दाबलं, तर बोट गादीत गेलं, पाठोपाठ कोपर गेलं, आणि सगळे कागद त्या खड्ड्यात गोळा झाले.

सलीमचाचा म्हणाले, "साहब, उठो अब. पूरा रास्ता गादी में बैठ गया."

साहेब उठले, ड्रॉइंग झटकलं, गुंडाळलं. जाताना मला म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे. पण फट ड्रॉइंगमध्ये नाही."

* * *

रेलिंगच्या आधी ट्रायल. दोन्ही बाजूंनी डांबराचे रिकामे ड्रम ठेवले, त्यांना दोरी बांधली आणि मधली वाट मोकळी सोडली. बस काही येईना. दिवस उन्हाळ्याचे. आमच्या रस्त्यावर आयुष्यात पहिल्यांदा एवढी मोठी जागा मोकळी पडलेली. धूळ नाही, गाडी नाही, सावली नाही.

आता आमच्या गच्चीवर गणिताचे सर सगळं ऊन अडवतात, त्यामुळं आमच्या कुरडया दर वर्षी आंबायच्या. आत्याबाईंनी सकाळीच दोरी उचलली, बसच्या वाटेवर जुनी लुगडी अंथरली आणि कुरडया घातल्या. त्यांचं बघून शेजारणीनं पापड घातले. तिचं बघून समोरच्या बाईनं शेवया. दुपारपर्यंत चौकापासून चौकापर्यंत, म्हणजे साहेबांनी सांगितलं होतं तशीच, सलग वाट भरली.

आणि त्याच दुपारी बस आली. ड्रायव्हर देगलूरचा, व्यंकटी नावाचा. त्याच्या एका वाक्यात तीन भाषा असतात. त्यानं ब्रेक मारला, खिडकीतून मान काढली. "अम्मा, इदि एमिटि? हे काय घातलंय? निकालो ना."

आत्याबाई कावळे हाकलायची काठी घेऊन आडव्या झाल्या. "वल्ल्या हायत. उचलल्या तर मोडत्यात."

बसमधून आमचे पिवळ्या टोपीचे साहेब उतरले. त्यांच्या मागून त्यांचे मोठे साहेब उतरले, ट्रायल बघायला आलेले. मोठ्या साहेबांनी कुरडयांच्या रांगेकडं बघितलं, मग आमच्या साहेबांकडं. "हे ड्रॉइंगमध्ये आहे का?"

आमच्या साहेबांनी हातातलं ड्रॉइंग पाठीमागं धरलं.

"कधी वाळतील?" मोठ्या साहेबांनी आत्याबाईंनाच विचारलं.

"ऊन असंच ऱ्हायलं तर उद्या सांजच्याला."

बस मागं मागं चौकापर्यंत गेली. व्यंकटीच्या सीटखाली कुरडयांचा एक डबा अजून असतो, असं पोरं सांगतात. मोठ्या साहेबांनी नेलेला वेगळा.

* * *

कुरडया निघाल्या तर पोरं शिरली. ट्युशनच्या पोरांना फिरत पाठांतर करायची सवय. खोलीत तीन कॉट, त्यात फिरणार कुठं? ही वाट त्यांना देवानंच दिली.

आमच्या मेसमधला अजय मुदखेडचा. घर स्टेशनाला लागून. एके सकाळी तो डोळे मिटून, केमिस्ट्रीची मूलद्रव्यं पाठ म्हणत बसच्या वाटेनं निघाला. हायड्रोजन, हेलियम, लिथियम. मागून व्यंकटीची बस आली. व्यंकटीनं हॉर्न मारला. अजय चालूच. परत मारला. अजय सोडियमपर्यंत पोचला.

केमिस्ट्रीचे सर क्लासच्या जिन्यातून बघत होते. ते ओरडले, "ओ ड्रायव्हर, त्याला थांबवू नका. मधे थांबवलं की पहिल्यापासून सुरू करतो."

मग बस त्याच्या मागं बैलगाडीच्या चालीनं निघाली. खिडक्या उघड्या, सगळ्यांना ऐकू येतंय. बसमध्ये एक भाजीवाली होती. ती पुढं कितीतरी दिवस टोमॅटो मोजताना मधेच पोटॅशियम म्हणायची.

शेवटी कंडक्टरच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं खिशातली शिट्टी काढून लांबलचक वाजवली. अजय डोळे न उघडता टुणकन बाजूला झाला. जंक्शनवर वाढलेलं पोर, त्याला हॉर्नचं काय?

बस पुढं गेली. अजयनं डोळे उघडले, बसच्या मागं बघितलं आणि आम्हाला विचारलं, "एकच डबा?"

* * *

पावसाळ्याच्या आधी रेलिंग लागलं. हिरव्या रंगाचे लोखंडी पाइप, माझ्या छातीइतके उंच, मधे आडव्या पट्ट्या. आमच्या दारासमोर पण. मी रोज पाइपावरून हात फिरवून बघायचे, कुठं फट राहिली का म्हणून. कारागीर चांगला होता. कुठंच राहिली नव्हती.

त्याच आठवड्यात नांदेडहून शोभाआक्का आल्या. या आमच्या यांच्या थोरल्या बहीण. लातुरात काहीही नवीन झालं की ते नांदेडला आधीच झालेलं असतं. फोनवर म्हणाल्या होत्या, "आमच्या नांदेडचे रस्ते असे केलेत सुमन, ताक सांडलं तर पदरानं टिपून पुन्हा गाळून घ्यावं."

आक्का स्टँडवरून बसमध्ये बसल्या. आमचं दार आलं तसं कंडक्टरला म्हणाल्या, "थांबवा, भावाचं घर आलं."

"चौकात उतरा, बाई. मधे रेलिंग हाय."

"मी भावाच्या दारात उतरणार. चौकात उतरायला माझा काय चौकाशी संबंध हाय?"

बस चौकात गेली. आक्का उतरल्या नाहीत. बस वळून परत आमच्या दारावरून निघाली. खिडकीतून आक्का ओरडल्या, "सुमन, ह्यो कंडक्टर मला उतरू देईना."

आत्याबाई म्हणाल्या, "लेक एवढी लांबून आली, निदान चहा तरी दे." पुढच्या फेरीला व्यंकटीनं बस हळू केली, मी रेलिंगवरून वाकून खिडकीत कप दिला. कप गरम, बशी राहिली. त्याच्या पुढच्या फेरीला बशी दिली. तोवर बसमधली माणसं आक्कांच्या बाजूनं झाली होती. एक म्हातारा तर म्हणाला, "उतरू नका, बाई. न्हाई म्हणजे न्हाई."

शेवटी आक्का चौकात उतरून चालत घरी आल्या. आम्हाला वाटलं, दमल्या. तर म्हणाल्या, "बिस्कीट दिलं न्हाईस."

जाताना मात्र हळूच विचारत होत्या, अशी बस नांदेडला कधी येणार म्हणून.

* * *

पिवळ्या टोपीचे साहेब तोवर आमच्या मेसचे मेंबर झाले होते. काम आमच्याच रस्त्यावर, मग दुपारी जेवायला कुठं जाणार? माणूस साधा. बोलणं ऑफिसातलं, शुद्ध. गाव कुठलं विचारलं तर म्हणायचे, "इकडचाच." कायम दाराजवळच्या पाटावर बसायचे. चपला काढल्या की तोंड बाहेर करून ठेवायचे. आत्याबाईंनी दोन-तीन दिवस ते बघितलं आणि त्यानंतर न विचारता त्यांचं ताट दाराजवळच मांडायला लागल्या.

मी आपली रोज फट मागायची. शेंगाची चटणी वाढताना मागितली, धपाटं वाढताना मागितली. एकदा तर वरणावर तुपाची धार अशी सोडली की शेजारच्या ताटावरचा अजय रागानं उठून पलीकडं जाऊन बसला.

साहेब सगळं जेवले, हात धुतले. "ताई, तूप घरचं दिसतंय."

"हो. आणि फट?"

"चौकातून जा, ताई."

हे रोज ऐकून गुड्डीचं पाठ झालं. साहेबांनी तिला शेजारी बसवून शिकवलंच होतं, रेलिंगवरून चढायचं नाही, खालून घुसायचं नाही, चौकातून जायचं असतं. झालं. गुड्डीनं नोकरी धरली. दारात पाट टाकून बसायची आणि रेलिंगला जो हात लावेल त्याला ओरडायची, "चौकातून जायचं असतं."

एकदा फिजिक्सचे सर क्लासला उशीर झाला म्हणून एक पाय रेलिंगवर टाकून अर्धे पलीकडं गेले होते. गुड्डी ओरडली. सर दचकले, खाली उतरले, आणि गपचूप चौकाकडं निघाले. क्लासमध्ये पोरांना म्हणाले, "आज उशीर झाला, ट्रॅफिक होतं."

मला म्हणाल तर रोज चौकातून जाताना मी गुड्डीचा हात असा धरायचे की बालवाडीच्या बाईंनी विचारलं, "हिच्या मनगटाला काय झालं?"

* * *

आता भूकंपाच्या तांब्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

भूकंप बघितलेल्या घरात काही सवयी राहून जातात. कुणी चपलांची तोंडं बाहेर करून ठेवतं. आमच्या मेसमध्ये फळीवर एक तांब्या पालथा ठेवलेला असतो. त्यावर पेला पालथा, पेल्याच्या बुडावर गोटी, आणि खाली पितळी परात. जमीन हालली की आधी गोटी पडणार, परात वाजणार, मग सगळ्यांनी बाहेर पळायचं. परातीचा आवाज सलीमचाचांच्या दुकानापर्यंत जातो. त्यांचा रेडिओवर नाही तेवढा त्या परातीवर भरवसा.

कुणी काय घेऊन पळायचं ते पण ठरलेलं. मी गुड्डीला घ्यायचं. यांनी गॅस बंद करायचा. आत्याबाईंनी भाकरीची दुरडी घ्यायची. "भूकंप येतो आन् जातो," आत्याबाई म्हणतात, "भूक मागं ऱ्हाती."

मांजरानं एकदा गोटी पाडली होती. सगळा रस्ता बाहेर. सलीमचाचा डोक्यावर गादी घेऊन आलेले, वरून बोर्ड पडला तर म्हणून. मांजर फळीवर बसून आमच्याकडं बघत होतं.

तेव्हा ठरलं की आता पळायचं ते बसच्या वाटेवर. वर बोर्ड नाही, तार नाही, भिंत नाही. डोक्यावर पडायला काहीच नाही अशी जागा आमच्या रस्त्यात तेवढी एकच. पण तेव्हा तिथं नुसते ड्रम होते. रेलिंग नंतर लागलं, हे घाबरलेल्या माणसाच्या ध्यानात कुठून येणार?

* * *

शेवटचं काम रेलिंगच्या अलीकडचं, आमच्या दारापुढच्या पट्ट्याचं राहिलं होतं. खडी टाकली, रोलर आला. हा साधा रोलर नव्हता, थरथरत दाबणारा होता. रोलरवाला मूळचा किल्लारीकडचा. दुपारी साहेब जेवायला आले, दारातूनच त्याला म्हणाले, "माझं जेवण होईपर्यंत एवढा पट्टा दाबून घे," आणि आपल्या पाटावर बसले.

मेस भरलेली. मी गॅसजवळ. गुड्डी साहेबांच्या शेजारी बसून त्यांच्या ताटातल्या शेंगा मोजून राहिली होती. बाहेर रोलर सुरू झाला. रोलर वाजतोय हे सगळ्यांना ऐकू येत होतं. ताटं थरथरली तेव्हा अजय म्हणाला सुद्धा, "रोलर आहे."

आणि गोटी पडली.

भूकंपात वाढलेल्या माणसाला कारण लागत नाही, गोटी लागते. आत्याबाई ओरडल्या, "भाईर!" त्यानंतर मेसमध्ये एकही माणूस नव्हता. आम्ही पळालो तशी क्लासमधली पोरं पळाली, पोरांमागं सर पळाले. एवढी माणसं पळताना बघून रोलरवाला पण उडी मारून पळाला. रोलर चालूच. तो बिचारा एका जागी उभा राहून जमीन हलवतोय, आणि जमीन हालतीय म्हणून आम्ही पळतोय.

रेलिंग मी कसं ओलांडलं ते मला आजही सांगता येणार नाही. बसच्या वाटेवर पोचले तेव्हा पोटाशी घट्ट धरलेलं होतं, पदरात गुंडाळलेलं. मी म्हणाले, "घाबरू नको गं, मम्मी हाय ना." तेवढ्यात त्याची शिट्टी झाली.

कुकर होता.

शेजारी हे उभे होते, हातात गॅसचा लायटर घेऊन. आत्याबाई दुरडीसकट आलेल्या. सलीमचाचा डोक्यावर गादी धरून. व्यंकटीनं बस थांबवून सगळी माणसं खाली उतरवलेली. गुड्डी कुठंच नव्हती.

मी एकेकाचं तोंड बघत सुटले. पायाखाली जमीन थरथरतीय. आणि मग रेलिंगच्या पलीकडं, आमच्या दारासमोर, पिवळी टोपी दिसली. साहेबांच्या एका हातावर गुड्डी, दुसऱ्या हातात ताट. ताटात वरणभात तसाच. रेलिंग छातीइतकं. दोन्ही हात गुंतलेले, चढणार कसे? सोडावं तर काय सोडावं तेही त्यांना सुचेना. ते रेलिंगला गुडघ्यानं धडका देत होते आणि ओरडत होते, "इथं फट का नाही? अरे, इथं फट का नाही ठेवली?"

गादीखालून सलीमचाचा म्हणाले, "साहब, ड्रॉइंग में नहीं है."

साहेबांनी आमच्याकडं बघितलं. गुड्डीनं त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि शांतपणे सांगितलं, "काका, चौकातून जायचं असतं."

आणि साहेब चौकाकडं पळाले. खरंच. एका हातावर गुड्डी, एका हातात ताट, खडीवरून, सगळ्या बोर्डांखालून, चौकापर्यंत. तिथून वळून बसच्या वाटेनं परत आमच्यापर्यंत. सगळा रस्ता बघत होता, कुणी हसलं नाही. पोचले तेव्हा टोपी गेली होती, एक चप्पल गेली होती, वरणभात तेवढा जागच्या जागी होता. त्यांनी गुड्डीला माझ्याकडं दिलं. मी कुकर यांच्याकडं दिला.

साहेब म्हणाले, "ताई, चौक लई लांब हाय वो."

आत्याबाईंनी दुरडीतली एक भाकरी काढून त्यांच्या ताटात ठेवली. साहेब तिथंच, बसच्या वाटेवर, मांडी घालून जेवायला बसले. ते बसले तशी पोरं पण बसली. जमीन अजून हालतच होती. सलीमचाचा म्हणाले, "ये ज़लज़ला बंद क्यों नहीं होता?" तेव्हा व्यंकटीनं कान टवकारले, रेलिंगवरून उडी मारली, रोलरवर चढून चावी फिरवली, आणि भूकंप बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या वेळेला आमच्या दारासमोर पाइप कापायचं मशिन घेऊन दोन माणसं आली. साहेबांनी आत्याबाईंना डोक्यावर दुरडी घेऊन रेलिंगपाशी उभं केलं आणि दोन्ही बाजूंनी चुन्याची रेघ मारून घेतली. तेवढी फट अलीकडच्या रेलिंगमध्ये, तेवढीच पलीकडच्या. पुढं बससाठी पाटी लागली, हळू चालवा. ड्रॉइंगचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही.

तेव्हा तुमच्या ओळखीपाळखीत कुणाचं लेकरू यंदा लातूरला ट्युशनला येणार असेल, तर माझा एवढा निरोप पोचवा. आमची मेस शोधायची तर हिरवं रेलिंग जिथं तुटलेलं दिसेल तिथून आत या. दोन्हीकडं बघून ओलांडा, बस हळू येते. चौकापर्यंत जायची गरज नाही. फक्त आधी दारात पाटावर गुड्डी बसलीय का ते बघा. ती अजून सगळ्यांना चौकातून पाठवते. मला पण.